आवड कोणाची: वयाची, पिढीची की माणसाची?

गाण्याची आवड ही माणसाला आपली स्वतःची, अगदी खासगी मिळकत वाटते. जेवणाखाण्याच्या, कपड्यालत्त्याच्या आवडी घराण्याने किंवा ऐपतीने ठरवल्या हे तो मान्य करतो. एखादे गाणे काळजाला का भिडले हे मात्र आपले आपल्यालाच ठाऊक, अशी त्याची खात्री असते. तरीही तेच गाणे त्याच्या वर्गातल्या बहुतेकांना आवडत असते, त्याच्या वडिलांना नकोसे वाटते आणि त्याच्या मुलाला ते जुनाट वाटणार असते. मग आवडीत माणसाचे स्वतःचे किती आणि त्याच्या जन्मसालाचे किती?

धर्माला हा प्रश्न टाळता येत नाही. भजन, कीर्तन, कव्वाली, वंदना हे सगळे कानावाटे मनात उतरते. चाल नव्या पिढीला रुचली नाही तर शब्दही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. चाल बदलली तर जुनी पिढी म्हणते, यातला देवच गेला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात या पेचाला सामोऱ्या गेलेल्या तीन परंपरा पन्नास-साठ किलोमीटरच्या टापूत नांदतात: पैठणची वारकरी परंपरा, खुलताबादची सूफी परंपरा आणि शहरातली बौद्ध-आंबेडकरी परंपरा. तिघींची उत्तरे वेगळी आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. वय आणि पिढी या दोन गोष्टी आहेत. वय प्रत्येकाला क्रमाने येते: तारुण्यात ठेका हवासा वाटतो, उतारवयात मोठा आवाज सोसत नाही, कानाला बारीक उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. हे आजोबांचे झाले, नातवाचेही होईल. पिढी मात्र एकदाच मिळते आणि बदलता येत नाही. कोणी जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढले, कोणी रेडिओ ऐकत, कोणी कॅसेट उलटीपालटी करत, कोणी मोबाइलवर. ‘हल्लीच्या गाण्यांत काही राम नाही’ असे साठीचा माणूस म्हणतो तेव्हा त्याचे वय बोलते आणि पिढीही बोलते. दोघांचा आवाज त्याला एकच वाटतो आणि तो त्याला निर्णय समजतो.

वयानुसार आवड बदलते हे प्राचीनांना चांगले माहीत होते. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांचा विचार आहे. तरुण शृंगाराने तुष्ट होतात, द्रव्यलोभी अर्थाच्या गोष्टींनी, विरक्त मोक्षाच्या, शूर युद्धाच्या, वृद्ध धर्माख्यानांनी आणि पुराणकथांनी; मुलांना हसू आणि वेशभूषा पुरते. रसिकाचे सगळे गुण एका प्रेक्षकात सापडणार नाहीत हे तो गृहीतच धरतो. पण खरा प्रेक्षक कोण, हे सांगताना तो वयाचे नाव काढत नाही. पात्राच्या आनंदाने जो आनंदतो आणि शोकाने शोकाकुल होतो, तो खरा प्रेक्षक.

प्लेटोची भूमिका याहून कडक. ‘लॉज’ या त्याच्या अखेरच्या ग्रंथात एक कल्पित स्पर्धा आहे. बक्षीस कोणाला द्यायचे हे लहान मुलांना विचारले तर ती बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याला देतील, मोठी मुले विनोदी नाटकाला, तरुण पुरुष आणि शिकलेल्या स्त्रिया शोकान्तिकेला, आणि म्हातारे होमरचे काव्य म्हणणाऱ्याला. मग बरोबर कोण? म्हातारे, असे ग्रंथातला वृद्ध अथेन्सवासी सांगतो. हे लिहिणारा प्लेटो त्या वेळी स्वतः सत्तरी ओलांडलेला होता हे विसरता येत नाही. तरी त्याच ग्रंथात एक हृद्य तरतूदही आहे. त्याच्या नगरात तीन गायकवृंद असावेत: मुलांचा, तिशीच्या आतल्यांचा आणि तीस ते साठ वर्षांच्यांचा. वय वाढले की माणूस गायला संकोचतो, ताठर होतो, म्हणून तिसऱ्या वृंदाला थोडे मद्य द्यावे, म्हणजे मन तापलेल्या लोखंडासारखे मऊ होईल. म्हाताऱ्यांचा निर्णय योग्य मानणाऱ्या प्लेटोलाही त्यांच्या मनाचा कडकपणा दिसत होता.

आधुनिक मानसशास्त्राने या निरीक्षणांना आकडे दिले. १९८९ साली हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकन संशोधकांनी सोळा ते शहाऐंशी वर्षांच्या १०८ जणांना वेगवेगळ्या काळातली २८ लोकप्रिय गाणी ऐकवली. माणूस साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, तीच त्याला आयुष्यभर सर्वांत प्रिय राहतात असे त्यांना आढळले. अभ्यास लहान आणि एका देशापुरता होता, पण त्याची खूण घराघरात पटते. पुढे २०१३ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्झल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विशीतल्या तरुणांना विचारले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी आवडत होतीच, पण आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांपाशीही त्यांची आवड पुन्हा उंचावत होती. घरात जे वाजत राहिले ते मुलांच्या अंगात मुरले होते. म्हणजे पिढी ही चार भिंतींची खोली नसून तिला दारे असतात, आणि ती घरातून उघडतात.

ही दारे कशी उघडायची हे पैठणच्या एकनाथांना (१५३३–१५९९) नेमके कळले होते. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर. नाथांची घडण तिथली आणि संसार पैठणचा. त्यांच्या कामाच्या दोन बाजू सहसा वेगळ्या सांगितल्या जातात, पण या प्रश्नापुरते त्या एकत्र पाहायला हव्यात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत शिरलेले अपपाठ काढले, आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही दिली. शब्दांच्या बाबतीत इतका काटेकोर असलेला हाच माणूस भारूड रचताना वासुदेवाची टोपी घालतो, गोंधळ्याचा संबळ घेतो, जोगव्याची परडी धरतो, विंचू चावल्याचा थयथयाट करतो. त्या काळच्या बायाबापड्यांना आणि पोरासोरांना ज्या ठेक्यावर मान डोलवायची सवय होती, तो ठेका नाथांनी जसाच्या तसा उचलला आणि त्यात अद्वैत भरले.

यामागे एक विचार आहे. जे सांगायचे ते पिढीनुसार बदलत नाही, म्हणून त्याचा पाठ जपायचा. ज्यातून सांगायचे ते पिढीचे असते, म्हणून ते मोकळे ठेवायचे. आवडीला नाथ शत्रू मानत नाहीत आणि तिला प्रमाणही मानत नाहीत. ते तिच्या दारातून आत जातात. भारूड आजही रंगते ते याच मोकळेपणामुळे. सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे यांनी २०२१ साली निधन होईपर्यंत भारुडातून व्यसनमुक्तीचा प्रचार केला. आजच्या व्यसनांवर, नाथांच्याच साच्यात. गावोगावच्या सप्ताहांत सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणावा की नाही यावरून वाद होतात. त्यात जुन्या मंडळींचा आक्षेप पूर्ण चुकीचा नाही: चाल ऐकताच पडद्यावरचा नट डोळ्यांपुढे आला, तर मन अभंगाकडे राहत नाही. पण ‘पारंपरिक चाल’ म्हणून आज जी जपली जाते तीही कधीतरी कोणाच्या तरी तोंडी नवी होती. नाथांचा दाखला देऊन चालींचे दार बंद करता येणार नाही.

खुलताबादेत प्रश्न वेगळ्या टोकाने उभा राहिला. चिश्ती सूफींच्या ‘समा’मध्ये, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी गाणे ऐकण्याच्या बैठकीत, वाद चालीचा नव्हता, ऐकणाऱ्याचा होता. बाराव्या शतकाच्या सुरुवातीस वारलेल्या इमाम गझालीने याचा निवाडा देऊन ठेवला होता. समा हराम की हलाल, याला त्याने एक उत्तर दिले नाही. वासनेच्या आहारी गेलेल्या तरुणांना तो निषिद्ध; सवयीने मौज म्हणून ऐकणाऱ्याला अनिष्ट; गोड आवाजाचा निव्वळ आनंद घेणाऱ्याला मुभा; आणि ज्याच्या मनावर ईश्वरप्रेमाने ताबा मिळवला आहे त्याला तो श्रेयस्कर. गाणे एकच, पण ऐकणाऱ्याच्या अवस्थेप्रमाणे ते चार वेगळी कर्मे होतात. संगीताच्या नीतीवर इतका बारीक विचार फार थोड्यांनी केला आहे.

खुलताबादला ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हानुद्दीन गरीब (निधन १३३७) समाचे विलक्षण प्रेमी होते. त्यांच्या अनुयायांच्या भावावस्थेतल्या नृत्याची रीत त्यांच्या नावाने ‘बुऱ्हानी’ म्हणून ओळखली जाई. त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी आधी शास्त्री पंडित होते आणि त्यांना हे गाणे-ऐकणे पटत नव्हते; पुढे तेच बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य झाले. आवड वयाने आणि शिक्षणाने ठरते हे खरे असले, तरी ती सहवासाने उलटूही शकते, याचे हे जवळपास सातशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे.

झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे, आणि त्याची कथा नेमकी उलट दिशेने जाते. दख्खनचा सुभेदार असताना पस्तिशीच्या आसपास तो हिराबाई झैनाबादी या गायिकेवर जीव टाकून होता, असे ‘मआसिर-उल-उमरा’ सांगतो. हा ग्रंथ लिहिणारा शाहनवाज खान औरंगाबादचाच. पन्नाशीला, १६६८च्या सुमारास, औरंगजेबाने दरबारी गायकांचे गाणे ऐकणे सोडले. त्याने संगीत गाडून टाकले, ही प्रवासी मनुचीने सांगितलेली गोष्ट लोकप्रिय असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. त्याच्या राज्यात संगीतावर फारसी ग्रंथ लिहिले जात राहिले. समकालीन इतिहासकाराने नोंदलेले त्याचे कारण जास्त बोलके आहे. पखवाजाशिवाय गाणे त्याला रुचत नव्हते आणि वाद्ये धर्माला मान्य नाहीत असे त्याचे मत होते, म्हणून त्याने गाणेच सोडले. इथे आवड मेलेली नाही. ती शाबूत आहे, तिच्यावर निश्चय बसवला आहे. वयाने आवड बदलणे आणि वयाने आवड नाकारणे या दोन निराळ्या घटना आहेत. उतारवयात भजनाकडे वळलेल्या प्रत्येकाला पहिली घडलेली असते असे नाही.

याच मातीतला तिसरा दाखला सिराज औरंगाबादीचा. अठराव्या शतकातला हा शायर किशोरवयातच उन्मनी अवस्थेत बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यापाशी भटकत असे. त्याने तारुण्यातली मोजकी वर्षे गझला लिहिल्या आणि गुरूच्या आज्ञेवरून लेखन थांबवले. १७६३ साली तो गेला. तरुणाच्या समाविषयी गझालीला भीती वाटत होती. सिराजच्या गझला त्याच वयातल्या आहेत आणि कव्वालीच्या बैठकीत म्हातारे त्या डोळे मिटून ऐकतात. वयाचा नियम किती पाळायचा याचा विचार करायला हे एक उदाहरण पुरे.

शहराच्या उत्तरेला, विद्यापीठामागच्या डोंगरात, औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. सातव्या लेण्याच्या गर्भगृहात डाव्या भिंतीवर सहाव्या शतकाच्या आसपासचे एक शिल्प आहे. मधोमध नर्तकी, कंबरेत एका बाजूला झुकलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा स्त्रिया वाद्ये घेऊन बसलेल्या. समोर बुद्धमूर्ती. बौद्ध उपोसथाच्या अष्टशीलांत नृत्य, गीत, वाद्य यांपासून दूर राहण्याचे व्रत आहे, आणि तेच नृत्य-गीत-वाद्य बुद्धासमोर कायमचे दगडात कोरलेले आहे. व्रतस्थाने काय टाळायचे आणि श्रद्धेने काय अर्पण करायचे, यांत त्या कारागिरांना विरोध वाटला नसावा.

या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तारदिनी, मोठा जनसमुदाय जमतो आणि व्यासपीठांवरून भीमगीते गायली जातात. शहराचे आणि आंबेडकरी चळवळीचे नाते मिलिंद महाविद्यालयापासूनचे, १९५० पासूनचे. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नामविस्तार व्हायला १९९४ची १४ जानेवारी उजाडली. मधल्या सोळा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या काळाच्या सुरुवातीस विशीत असलेला माणूस आज पासष्टी-सत्तरीत आहे. गेटवर एखादे जुने गीत सुरू झाले की त्याला ती रात्र, तो मोर्चा आठवतो. शेजारी उभ्या विशीतल्या मुलाला ते आठवण्यासारखे काही नाही. त्याला त्या गाण्यात स्वतःची ओळख सापडते. गीत एक असून दोघे दोन गोष्टी ऐकतात.

भीमगीतांचा बाज पिढीगणिक बदलला. आधी आंबेडकरी जलसे, मग वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे गावोगाव फिरणारे कवी-गायक आणि गायन पार्ट्या, मग कॅसेट, आता मोबाइल आणि डीजे. एकाच घराण्यात हा प्रवास दिसतो: प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद, आणि नातू आदर्श. प्रल्हाद शिंदे यांनी भीमगीते गायली आणि विठ्ठलाची गाणीही गायली, आणि दोन्हीकडच्या लोकांनी ती मनापासून ऐकली. आजचा वाद डीजेचा आहे. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावले की शब्द ऐकू येत नाहीत, ही ज्येष्ठांची तक्रार आहे. ती केवळ वयाची म्हणून बाजूला सारता येत नाही. वामनदादांच्या परंपरेचा प्राण शब्दांत होता. जिथे शब्दच ऐकू येत नाहीत तिथे ती परंपरा थांबते. एकनाथांची कसोटी इथेही लागू पडते: ठेका नवा असू द्या, पण सांगणे पोचले पाहिजे.

आवड जर वयाची आणि पिढीची देणगी असेल, तर चांगले-वाईट ठरवायचे कसे? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात हा प्रश्न घेतला. विसाव्या वर्षी माणसाला ओव्हिड आवडेल, चाळिशीत होरेस, पन्नाशीत कदाचित टॅसिटस. यात दोष कोणाचाच नाही आणि यावर निवाडाही नाही, असे तो म्हणतो. पण त्याच निबंधात तो दुसरे माप देतो: दोन हजार वर्षांपूर्वी अथेन्स आणि रोममध्ये जो होमर आवडला तोच आज पॅरिस-लंडनमध्ये आवडतो. जे अनेक पिढ्यांच्या आवडी ओलांडून टिकते त्यात पिढीपलीकडचे काही असलेच पाहिजे. हे माप उपयोगी आहे, पण ते फक्त जुन्या गोष्टींना लावता येते. काल रचलेल्या गाण्याचे काय, याला ह्यूमकडे उत्तर नाही.

त्याचे उत्तर दहाव्या-अकराव्या शतकातल्या अभिनवगुप्ताकडे सापडते. रसास्वाद आपल्यातल्या वासनांमुळे, साठलेल्या संस्कारांमुळे शक्य होतो, हे तो मान्य करतो. संस्कारांशिवाय कोणतेच गाणे कोणाला लागणार नाही. पण रसाच्या आड येणारी विघ्नेही तो मोजतो, आणि त्यांतली दोन अशी: ऐकणाऱ्याचे आपल्याच देशकालात अडकून पडणे आणि आपल्याच सुखदुःखात गुंतून पडणे. कॉलेजच्या दिवसांतले गाणे लागले की पन्नाशीतल्या माणसाचे डोळे पाणावतात. ते पाणी खरे असते, पण ते गाण्याचे आहे की गेलेल्या दिवसांचे? बहुतेक वेळा तो गाणे ऐकतच नसतो. तो स्वतःला ऐकत असतो. आठवणीचे सुख आणि गाण्याचा रस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पिढ्यांची भांडणे मुख्यतः पहिलीला दुसरी समजल्याने होतात.

या दृष्टीने पाहिले तर गझालीचा निवाडा अपुरा ठरतो. वासनेच्या भरातला तरुण गाण्यात स्वतःलाच ऐकतो, म्हणून त्याने तरुणाला सावध केले. पण आठवणींच्या भरातला म्हाताराही स्वतःलाच ऐकतो, आणि त्याला कोणी सावध केले नाही. तारुण्याला जसा कैफ असतो तसा म्हातारपणालाही असतो. उलट तो जास्त फसवा, कारण तो शहाणपणाच्या वेशात येतो. ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणणाऱ्याने एकदा तरी, ज्या गाण्याशी आपली कसलीही आठवण जोडलेली नाही असे गाणे बसून पूर्ण ऐकावे. तरुणानेही आजीच्या ओवीला तेवढाच वेळ द्यावा. त्यानंतर जे मत बनेल त्याला आवड म्हणता येईल. त्याआधीची ती सवय आहे.

पैठण तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ उभा राहतो, तेव्हा हे ऐकणे डोळ्यांनी पाहता येते. पुढच्या रांगेत आठ-दहा वर्षांची मुले असतात. टाळ त्यांच्या हातांना मोठे पडतात, म्हणून दोरी बोटांना दोन वेढे देऊन घट्ट केलेली असते. पावली चुकली की मुले शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघतात आणि पुन्हा पकडतात. मुलांचा सूर वर चढतो, म्हाताऱ्यांचा खाली राहतो, आणि मृदंग दोघांना एका लयीत धरून ठेवतो. घरी गेल्यावर यातली मुले मोबाइलवर काय ऐकतात हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. रात्रंदिवस वीणेचा पहारा असतो. एकाची वेळ संपली की तो गळ्यातली वीणा काढून थेट पुढच्याच्या गळ्यात घालतो, मग तो पुढचा सत्तरीचा असो की सतरा वर्षांचा.